पेशंटचं ध्येय विचारायचं, लिहायचं आणि मोजायचं कसं: ओपीडी, फिजिओ आणि नर्सिंग होमवाल्यांसाठी पायरीपायरीनं

हल्ली बऱ्याच ठिकाणी केसपेपरवर 'पेशंटचं ध्येय' असा एक रकाना आलाय, चांगलंच आहे, पण तो उघडून वाचला की दहापैकी नऊ ठिकाणी तेच: शुगर कंट्रोल, बीपी कंट्रोल, दुखणं कमी. ही डॉक्टरची टार्गेटं झाली, पेशंटनं त्यातला शब्द उच्चारलेला नसतो. आणि दुसरा घोळ त्याहून वाईट, तो रकाना डिस्चार्जच्या दिवशी भरतात. म्हणजे जे जमलं तेच ध्येय होतं असं मागाहून ठरवायचं आणि 'ध्येय साध्य' वर टिक मारायची, मग शंभर टक्के यश येणारच ना!

ह्या कामात सगळं क्रमावर चालतं. आधी विचारणं, मग आजची स्थिती मोजणं, मग पट्टी बनवणं, मग ती बंद करणं (म्हणजे नंतर त्यात बदल नाही) आणि मग उपचार. क्रम बिघडला की आकडा कितीही छान येवो, त्यातून उपचाराचा दर्जा कळत नाही.

पद्धत म्हणून इथं गोल अटेनमेंट स्केलिंग (ध्येय कितपत गाठलं ते मोजायची पद्धत) धरलंय, किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मांडलेलं, −२ ते +२ अशी पाच पातळ्यांची पट्टी. वेळ कमी असेल त्यांच्यासाठी एक सोपा पर्याय टप्पा ५ मध्ये दिलाय.

कोणासाठी करायचं, कोणासाठी नाही

लकवा, गुडघे, हार्ट फेल्युअर, दम्याचे जुने पेशंट, तीनचार आजार एकत्र असलेले म्हातारे, पॅलिएटिव्हमधले (आजार बरा होणार नाही, त्रास कमी करायचा असे) पेशंट, यांच्यासाठी. जिथं आजार पूर्ण जाणार नाही आणि 'बरं होणं' म्हणजे काय हे माणसागणिक वेगळं असतं तिथं हे उपयोगाचं. अपेंडिक्स, डेंग्यू, कॅज्युअल्टी इथं नको, तिथं पेशंटचं ध्येय उघड असतं आणि वेळही नसतो.

आणि हे बाकी मोजमापांच्या जोडीला आहे. इन्फेक्शन किती झाले, किती पेशंट परत ॲडमिट झाले, औषधात चूक किती वेळा झाली, ते सगळं मोजत राहायचंच. पेशंट खूश आहे का हा फीडबॅक फॉर्मही वेगळा, त्यात चहा थंड होता आणि लिफ्ट बंद होती एवढंच कळतं.

## टप्पा १: पेशंट यायच्या आधीची तयारी

अख्ख्या हॉस्पिटलला एकदम लावू नका. एक गट घ्या, उदाहरणार्थ फक्त लकव्याचे किंवा फक्त हार्ट फेल्युअरचे पेशंट, आणि तीन महिने तेवढंच करा.

माणसं आधी ठरवा. विचारणार कोण? शक्यतो नर्स, फिजिओ किंवा काउन्सेलर, जिला वीसेक मिनिटं बसता येतात. राउंडवर पलंगाजवळ उभ्याउभ्या विचारलेला प्रश्न म्हणजे 'कसं वाटतंय आजी' एवढाच होतो. शेवटी मार्क देणार कोण? उपचार करणारा नकोच, दुसरं कोणीतरी. छोट्या नर्सिंग होममध्ये माणसं नसतात हे मान्य, पण मग दोन फिजिओंनी एकमेकांचे पेशंट मोजावेत, एवढं जमतं.

पेशंटचा चष्मा, कानाचं मशीन, कवळी सोबत आहे का बघा. हसू येईल, पण ऐकू न येणारा माणूस प्रत्येक प्रश्नाला 'हो जी' म्हणतो आणि आपण ते ध्येय म्हणून लिहून घेतो.

रिव्ह्यूची तारीख आत्ताच ठरवा, साधारण तीन महिने. आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करून ठरवा! फेब्रुवारीत लिहिलेलं 'रोज संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर' हे ध्येय मे महिन्यात तपासलं, पारा ४५ च्या घरात, तर पेशंट घरात कूलरसमोरच बसलेला सापडणार, त्यात ना फिजिओचा दोष ना पेशंटचा. तारीख हलवा नाहीतर ध्येय सकाळी साडेसहाचं करा.

दुसरं म्हणजे आपल्याकडे पेशंट येतात गडचिरोली, गोंदिया, यवतमाळहून, तिकडून छिंदवाडा, बालाघाट, सिवनीहून. डिस्चार्जनंतर त्यातले बरेच परत येणार नाहीत. म्हणून दोन फोन नंबर घ्या, एक पेशंटचा, एक शेजारच्याचा किंवा मुलीचा, आणि पट्टी अशीच बनवा की ती फोनवर विचारता येईल.

तपासा: विचारणारा, मोजणारा, रिव्ह्यूची तारीख, दोन फोन नंबर. यातलं एकही रिकामं असेल तर पुढं जाऊ नका.

## टप्पा २: विचारणं

सगळ्यात जास्त इथंच फसतं, म्हणून जरा लांबवते.

'तुमचं ध्येय काय' असं विचारलं की आपल्याकडचं माणूस बुचकळ्यात पडतं. ध्येय हा शाळेतल्या निबंधातला शब्द. उत्तर काय येतं तर 'डॉक्टरसाहेब, तुमी म्हनान तसं' किंवा 'मले काय पायजे आता, लेकरं सुखात राहो म्हंजे झालं'. हे उत्तर लिहून मोकळं व्हायचं नाही, इथून तर सुरुवात आहे.

रोजच्या दिवसावरून विचारा. हे प्रश्न चालतात:

- सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता, जरा सांगा बरं.
- मागच्या दिवाळीत करत होता आणि आता सुटलंय असं काय आहे?
- या दुखण्यामुळं कुठं जाणं बंद झालं? कोणाकडं?
- घरात कोणतं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं ते आवडत नाही?
- गोळ्यांमुळं, पथ्यामुळं किंवा दवाखान्याच्या चकरांमुळं काही अडतं का?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि मोठी उत्तरं तिथंच असतात. एक नेहमी दिसणारी गोष्ट सांगते. हार्ट फेल्युअरच्या आजी भजनाला जाणं सोडतात. घरचे म्हणतात दम लागतो म्हणून. आजींना एकटीला विचारलं की कळतं की दुपारी घेतलेल्या लघवीच्या गोळीमुळं दर वीस मिनिटांनी उठावं लागतं, आणि मंडळाच्या हॉलमध्ये बाथरूम आहे अंगणापलीकडं. दमाचा प्रश्नच नव्हता. गोळीची वेळ बदलता येते का हे डॉक्टरांना विचारायचं होतं, इतकंच (ती आपल्या मनानं बदलायची नाही हे आजींना दोनदा सांगायचं).

एकटीला विचारलं, हे महत्त्वाचं. मुलगा-सून खोलीत असले की आजी त्यांच्याकडं बघून बोलतात. मुलाचं म्हणणं असतं 'आईनं एकटं बाहेर जाऊ नये, पडली तर?' आणि आईला मंगळवारी टेकडीच्या गणपतीला एकटीनं जायचं असतं. दोघांचंही खरं आहे. दोन वेगळ्या रकान्यात लिहा, एक पेशंटचं, एक घरच्यांचं, आणि मोजायचं फक्त पेशंटचं. दोन्ही मिसळून 'सुरक्षितपणे हालचाल करणे' असं गुळगुळीत वाक्य लिहिलं की दोघांचंही गेलं.

पेशंटला विसरायचा आजार असेल तर छोटे प्रश्न, हो-नाही मध्ये, आणि काय केल्यावर चेहरा खुलतो ते बघायचं. घरच्यांनी सांगितलेलं असेल तर पुढं 'घरच्यांकडून' असं लिहा. आणि 'मले आता काहीच नको' हे उत्तर पुन्हापुन्हा आलं तर फॉर्म बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, ते डिप्रेशन असू शकतं.

भाषा जी पेशंटची ती. वऱ्हाडी, हिंदी, गोंडी, जे असेल ते, उत्तर त्याच शब्दात उतरवा. 'पंगतीत बसता आलं पायजे' हे तसंच लिहायचं, त्याचं 'बैठकक्षमता सुधारणे' करू नका काऊन की तीन महिन्यांनी तुम्ही वाचून दाखवाल तेव्हा पेशंटला ते आपलं वाटलं पाहिजे.

सावधान: छापील यादीतून टिक करायला लावू नका. यादी समोर आली की पेशंट पहिल्या दोन ओळी निवडतो.

## टप्पा ३: दोन किंवा तीनच निवडणं

आठ ध्येयं निघाली तरी दोन-तीन ठेवा. कोणती, ते पेशंटला विचारा: 'यातलं एकच होणार असेल तर कोणतं?' ते पहिलं.

मग उपचार करणाऱ्या टीमसमोर ठेवा आणि दोन गोष्टी बघा. आपल्या हातात काही आहे का, आणि त्यात धोका आहे का. 'मुलाचं लग्न जमावं' हे ध्येय खरं आहे पण दवाखान्याचा दर्जा त्यावरून मोजता येणार नाही. 'लग्नात दोन तास मांडवात बसायचं' हे येतं.

धोक्याचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण गुडघा बदललेले पेशंट. मांडी घालून पंगतीत बसायचंय म्हणतात, सर्जन बहुतेकदा उकिडवं आणि मांडी घालून बसू नका असं सांगतात. इथं ध्येय खोडायचं नाही, मागं काय आहे ते विचारायचं. बहुतेक वेळा सगळ्यांबरोबर जेवायचं असतं, वेगळं खुर्चीवर एकटं बसवलं जातं त्याचं दुःख असतं. मग 'कार्यक्रमात टेबलाच्या पंगतीत सगळ्यांबरोबर बसून जेवणं' असं ठरतं, आणि हे पेशंटनं मान्य केलं तरच लिहायचं. मान्य नसेल तर 'चर्चा झाली, जमलं नाही' असं स्पष्ट लिहा.

## टप्पा ४: आजची स्थिती मोजणं

ऐकून लिहू नका, करून बघा. जिना म्हणाले तर जिना चढवा, शर्टाची बटणं म्हणाले तर शर्ट द्या. सांगणं आणि करणं यात फार फरक पडतो, दोन्ही बाजूंनी. काही जण लाजेनं जास्त सांगतात, काही घरच्यांसमोर कमी.

वेळ, चप्पल, काठी, कठडा धरला का, जेवणाआधी की नंतर, हे सगळं लिहा, रिव्ह्यूला तसंच करायचंय.

सावधान: बसल्याजागी दम, पायावर वाढलेली सूज, छातीत दुखणं, चक्कर, यातलं काही असेल तर त्या दिवशी मोजायचं नाही. आधी डॉक्टर.

## टप्पा ५: पाच पातळ्यांची पट्टी

आता मुख्य काम. समजा नागपुरातल्या महाल भागातल्या आजी आहेत, वय ७२, हार्ट फेल्युअर, दोन मजली घर. त्यांचं म्हणणं: 'गच्चीवर जाऊन वाळवण मीच घालीन.' आज बघितलं तर गच्चीपर्यंत जाताना चार वेळा थांबतात. पट्टी अशी:

- −२: ५ किंवा जास्त थांबे, किंवा गच्चीपर्यंत पोचल्याच नाहीत
- −१: ३ ते ४ थांबे (आजची स्थिती इथं)
- ०: २ थांबे (तीन महिन्यांत एवढं व्हायला हवं असा अंदाज)
- +१: १ थांबा
- +२: न थांबता

आणि खाली: थांबा म्हणजे दोन्ही पाय एका पायरीवर ठेवून पाच श्वास किंवा जास्त. वेळ सकाळी आठ, कठडा धरून. झालं.

यात काय काय पाळलंय ते बघा, कारण चुका इथंच होतात.

एका पट्टीत एकच गोष्ट बदलते. थांबेच. एका पातळीत थांबे, दुसरीत वेळ, तिसरीत 'दम कमी' असं केलं की आजी एकाच वेळी दोन पातळ्यांवर बसतात आणि मोजणारा मनाला येईल तो आकडा टाकतो.

मध्ये फट नाही आणि दोन पातळ्या एकमेकींवर चढत नाहीत. तीन थांबे झाले तर कुठं जायचं हे प्रश्न न विचारता कळतं.

० म्हणजे प्रामाणिक अंदाज. चांगले उपचार झाले तर बहुधा होईल एवढं. खूप सोपं ठेवलं तर सगळे +२, खूप अवघड ठेवलं तर सगळे −२, दोन्हीकडं दर्जा काही कळत नाही. +२ अशक्य नको आणि −२ म्हणजे खरंच घसरण हवी.

आजची स्थिती −१ वर ठेवलीय. काही जण ती −२ वर ठेवतात, पण मग पेशंट आणखी खालावला तर दाखवायला जागाच उरत नाही, म्हाताऱ्या माणसांत तर हे होतंच. तुमच्याकडं काय ते एकदा ठरवा आणि सगळ्यांनी तेच पाळा, अर्धे इकडं अर्धे तिकडं झालं तर आकडे एकत्र करता येत नाहीत. पार्किन्सनसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात 'आहे तसं टिकणं' हेच ० असू शकतं, तेव्हा फॉर्मवर तसं लिहा.

'बरं वाटेल', 'आत्मविश्वास वाढेल', 'बऱ्यापैकी चालेल' हे शब्द पट्टीत दिसले की पट्टी परत करा.

तपासा: पेशंटला कधीही न पाहिलेल्या सहकाऱ्याला पट्टी द्या आणि विचारा, 'तीन थांब्यांनी पोचल्या, किती मार्क?' उत्तर लगेच आलं नाही तर पट्टी कच्ची आहे.

वेळच नसेल तर: पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल वापरा. पेशंट स्वतः तीन ते पाच कामं सांगतो आणि प्रत्येकाला ० ते १० मार्क देतो, ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे आधीसारखं जमतं. पाच मिनिटांत होतं. सरासरीत साधारण २ आणि एकाच कामात ३ मार्कांचा फरक पडला तरच खरा बदल धरा, त्याहून कमी म्हणजे त्या दिवसाचा मूडही असू शकतो.

## टप्पा ६: तारीख, सही, बंद

पट्टीवर तारीख, पेशंटची सही किंवा अंगठा, विचारणाऱ्याची सही. एक कॉपी पेशंटच्या डिस्चार्ज कार्डाला स्टेपल, एक फाईलला. यानंतर पातळ्यांना हात लावायचा नाही. मधेच पेशंट पडला, हिप मोडलं, सगळंच बदललं तर जुनी पट्टी रेघ मारून ठेवा आणि नव्या तारखेनं नवी बनवा. जुनी फाडून टाकली की कितीदा असं झालं ते कधीच कळणार नाही.

## टप्पा ७: उपचार त्याला जोडणं

ध्येय एका फाईलमध्ये, उपचार दुसऱ्या फाईलमध्ये, असं बहुतेक ठिकाणी चालून राहिलंय. ध्येयाखाली तीन ओळी लिहा: कोण काय करणार. आजींच्या बाबतीत औषध आणि वजन डॉक्टर बघणार, जिन्याचा सराव फिजिओ, मिठाचं सिस्टर. मिठाचं म्हणजे नुसतं 'मीठ कमी' नाही, लोणचं, पापड आणि सावजीचा रस्सा किती आणि कधी, हे बोलायचं. वाळवण आजी घालतील खुशाल, पापड सगळे त्याच खाणार नाहीत एवढं बघायचं.

## टप्पा ८: रिव्ह्यू

ठरलेल्या तारखेला, दुसऱ्या माणसानं. मोजणाऱ्यानं आधी पेशंटच्या शब्दातलं ध्येय वाचून दाखवायचं, मग करून घ्यायचं, मग मार्क.

फोनवर असेल तर पातळी वाचून दाखवू नका, 'दोन थांब्यांत जाता का' असं विचारलं तर 'हो जी' च येणार. 'काल गच्चीवर गेलात तेव्हा कुठं कुठं थांबलात?' असं विचारा आणि मोजा.

मग एक जास्तीचा प्रश्न: 'हे अजून तितकंच महत्त्वाचं आहे का?' पेशंटचं मन बदलतं, आणि ते बदलायलाच हवं. तरी जुन्या पट्टीवर मार्क द्यायचेच, नवं ध्येय नव्या कागदावर.

जे आलेच नाहीत, फोन उचलला नाही, वारले, त्यांची वेगळी यादी ठेवा. त्यांना गाळून काढलेली टक्केवारी बोगस असते.

## टप्पा ९: आकडे एकत्र करणं

आधी तीन साधे आकडे काढा, याच क्रमानं: पात्र पेशंटांपैकी कितींचं ध्येय लिहिलं गेलं, त्यापैकी कितींचा रिव्ह्यू झाला, आणि त्यापैकी कितींची ० किंवा वर पातळी आली. अमेरिकेत एनसीक्यूएनं (आरोग्यसेवेचा दर्जा मोजणारी संस्था) पण असंच तीन भागांत ठेवलंय: ध्येय ठरवणं, पाठपुरावा, साध्य होणं. पहिले दोन आकडे पडके असतील तर तिसऱ्याकडं बघूच नका.

मग टी-स्कोअर, म्हणजे एका पेशंटच्या सगळ्या ध्येयांचे मार्क मिळून येणारा एकच आकडा, ५० म्हणजे अंदाजाइतकं झालं. मूळ सूत्र वर्गमुळाचं आहे, पण सगळी ध्येयं सारख्या वजनाची धरली तर सोपं होतं. मार्कांची बेरीज करा, खालच्या आकड्यानं गुणा आणि ५० मध्ये मिळवा:

- १ ध्येय: १०
- २ ध्येयं: ६.२०
- ३ ध्येयं: ४.५६
- ४ ध्येयं: ३.६३
- ५ ध्येयं: ३.०२

आजींची तीन ध्येयं, मार्क ०, +१, ०. बेरीज १, गुणिले ४.५६, म्हणजे ५४.६. सुरुवातीला तिन्ही −१ वर होती, बेरीज −३, म्हणजे ३६.३. दोन्ही आकडे लिहा, नुसता शेवटचा नको.

सावधान: या आकड्यावर डॉक्टरांची किंवा फिजिओंची रँकिंग लावू नका, इन्सेन्टिव्ह तर मुळीच नको. पुढच्याच महिन्यापासून सगळ्यांची ध्येयं सोपी होतात आणि अवघड पेशंट दुसऱ्याकडं ढकलले जातात. एनएबीएचचे (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारं मंडळ) असेसर येणार म्हणून आदल्या आठवड्यात जुन्या फॉर्मवर मागच्या तारखा टाकून पट्ट्या भरणं हा पण त्यातलाच प्रकार.

गटाची सरासरी ५० च्या आसपास असायला हवी. ४० च्या खाली सतत येत असेल तर अंदाज फार उंच आहेत किंवा उपचार कुठंतरी अडतायत. ६० च्या वर सतत येत असेल तर पेढे वाटायच्या आधी कोणतेही दहा फॉर्म काढा, नावं झाका, आणि फक्त −१ आणि ० या दोन ओळी वाचा. त्यांच्यातला फरक पेशंटनं काहीच न करता आठवड्याभरात भरून निघेल इतकाच असेल तर टप्पा ५ पासून परत सुरू करा, आणि ते महिने रिपोर्टमध्ये धरू नका.